चोवीस गाद्यांचा हॉल

१२ जानेवारी, रविवार

सगळ्यात आधी आली ती बेबी. माझी नणंद. कोणाकडे काही जळायला लागलं की धूर निघायच्या आत ही पोचते. चपला काढता काढताच म्हणाली, "वहिनी, मालकाने मकान खाली करायला सांगितलं म्हणे?" मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? तर म्हणे पोहेवाल्याकडे ऐकलं. म्हणजे आम्हाला काल संध्याकाळी कळलं आणि पोहेवाल्याला आज सकाळी! मालकाच्या पोराचं लग्न आहे, मार्च संपायच्या आत घर पाहिजे. एकोणतीस वर्षं राहिलो इंदौरच्या या परदेशीपुऱ्यात. बेबीने दोन प्लेट पोहे खाल्ले. पोहे तिनेच आणले होते हेही लिहायला पाहिजे, नाहीतर उगाच तिची बदनामी.

तिच्या मागोमाग चिंतामण दलाल आला. त्यालाही तिनेच पाठवलेला.

रत्नपाल म्हणाला, "आई, आता भाड्याचं नको. आपलंच घेऊ." माझ्या डोळ्यात पाणीच आलं. मुलगा सांवेर रोडच्या कारखान्यात सुपरवायझर, सून प्रीती बँकेत, आणि मी स्वतःच्या घरात! ह्यांनी हे बघायला पाहिजे होतं.

मला घराबद्दल एकच विचारायचं आहे. एप्रिलमध्ये माणसं कुठे झोपणार? सासरे फौजेत होते, महूला. तेव्हापासून बाबासाहेबांच्या जयंतीला भुसावळ-अकोल्याकडची सगळी भावकी महूला येते आणि आमच्याकडे उतरते. तेराला संध्याकाळी येतात, चौदाला महू, पंधराला परत. गेल्या वर्षी तेवीस जण होते. गादीला गादी लावून झोपतात आणि दिवा मालवला की खरं बोलणं सुरू होतं. कोणाचं लग्न जमेना, कोणाची जमीन गेली, कोण कोणाशी बोलत नाही. वर्षभराचं सगळं त्या एका हॉलमध्ये निघतं.

ही वही धम्मदीनाने दिली. माझी नात, नववीत आहे. म्हणाली, "आजी, तू एवढं बोलतेस, थोडं लिहीत जा. आम्हाला जरा आराम." मी तिसरीपर्यंतच शिकले पण अक्षर तिच्यापेक्षा चांगलं आहे, हे तिच्याच बाईंनी सांगितलं.

१९ जानेवारी, रविवार

राजेंद्र नगरचं घर बघितलं. चिंतामण मोटरसायकलवरून पुढे आणि आम्ही ऑटोत मागे. उतरल्याबरोबर त्याचं सुरू. "लोकेशन देखो मांजी, लोकेशन!" समोर बगीचा, कोपऱ्यावर सब्जीवाले, महूची बस हाकेवर, चौकात मोठं हॉस्पिटल, रस्ता एवढा रुंद की दोन ट्रक बाजूबाजूने जातील. मी म्हटलं, भिया, मला ट्रक घ्यायचा नाही, घर घ्यायचं आहे.

घर म्हणजे तळमजल्यावरच्या चार काड्यापेट्या. बुटकं छत, पांढऱ्या टाइल्स, खिडकीतून दुसऱ्याची भिंत. ना कोनाडा, ना ओटा, ना चेहरा. मी सुतळी नेली होती. तिला गादीएवढ्या अंतरावर गाठी मारल्या आहेत. धम्मदीनाने एक टोक धरलं. पहिल्या खोलीत चार गाद्या, दुसरीत तीन, तिसरीत तीन. स्वयंपाकघर धरायचं नाही. झाल्या दहा, आणि मधे भिंती! या खोलीतलं बोलणं त्या खोलीत कसं जाणार?

प्रीतीला मात्र घर फार आवडलं. बाथरूममध्ये जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली, मग हॉस्पिटल चालत किती लांब ते बघून आली. बँकेतली माणसं अशीच, सगळ्याची तपासणी.

येताना एक गंमत झाली. ऑटोत बसल्यावर धम्मदीना ओरडली, "आजी, तुझी चप्पल!" बघते तर डाव्या पायात चप्पलच नाही. बगीच्यापाशी पडली होती आणि मी अनवाणी एवढं आले. सगळे हसलो. प्रीती हसली नाही. तिला विनोद जरा कमीच कळतो.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं, जिलेबी खाल्ली (अर्धीच, प्रीती बघत होती), आणि बडा गणपतीच्या मागच्या गल्लीतलं घर बघायला गेलो. आता काय लिहू आणि किती लिहू!

एक लांबच लांब हॉल आहे. मालकीणबाई शुभदाताई, त्यांच्या सासूबाई तिथे शिवणक्लास चालवायच्या. अठरा मशिनी बसायच्या म्हणे. फरशीवर मशिनींच्या पायांचे डाग अजून आहेत, ओळीने, जशी शाळेत पोरं बसवलीत. मोठ्या पाच खिडक्या, वर लाल-हिरव्या काचा. दुपारचं ऊन आत आलं की सगळी फरशी लुगड्यासारखी रंगते. धम्मदीना त्या रंगात उड्या मारत सुटली. चौदा वर्षांची घोडी, पण माझं पण मन झालं.

सुतळी लावली. चोवीस! मी तीनदा मोजलं. चोवीस गाद्या, आणि मधून पाण्याला उठायला वाट.

शुभदाताईंनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी मोठ्याने सांगितलं, सुरवाडे. मी नेहमी मोठ्यानेच सांगते. नंतर कळून चेहरा पडण्यापेक्षा आधीच पडलेला बरा. पण बाईंचा चेहरा होता तिथेच राहिला. त्या म्हणाल्या, "चहात साखर चालेल ना?" प्रीती मधेच म्हणाली, "त्यांना नको." तिला कोणी विचारलं होतं? शुभदाताई मुलाकडे पुण्याला चालल्या आहेत. म्हणाल्या, "हॉलमध्ये कोणी भिंत घालू नये एवढंच वाटतं." मी म्हटलं, ताई, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.

आता प्रीतीचं ऐका. हॉल सोडून ही बाहेर. बघते तर एका ऑटोवाल्याला गल्लीत घुसवत होती. बिचाऱ्याचं चाक नालीत. तो ओरडला, "मैडम, ये ऑटो है, सुई नहीं!" मग ही गल्लीच्या तोंडापर्यंत पावलं मोजत गेली. एकशे चाळीस. मग दाराच्या पायऱ्या मोजल्या, मग संडास कुठे ते विचारलं. संडास मागच्या अंगणात आहे, अंगण ओलांडून. जुन्या घरात असतोच. मी तिला म्हटलं, "प्रीती, एवढं वर बघ, काचा बघ!" तिने बघितलं. म्हणाली, "छान आहेत, आई." जसं कोणी पेढ्याला छान आहे म्हणून बाजूला ठेवावं तसं.

३० जानेवारी, गुरुवार

घरात भांडण. खरं तर भांडण म्हणायला दोघांनी बोलायला लागतं. इथे मी बोलते आणि बाकीचे जेवतात.

मी म्हटलं, रत्नपाल, बडा गणपतीहून तुझा कारखाना जवळ. राजेंद्र नगरहून सगळं इंदौर ओलांडून जावं लागेल, रोज जाऊन-येऊन. तो म्हणाला, "जाईन मी." मी म्हटलं, तुझ्याच भल्याचं सांगतेय. तो म्हणाला, "माहीत आहे, आई." आणि वाटीत डाळ ओतत बसला. हा मुलगा स्वतःचं भलं कधीच बघत नाही, ह्यांच्यावरच गेलाय.

प्रीती म्हणे, "तिथे पार्किंग आहे, तळमजला आहे, रस्ता रुंद आहे."

"आणि हॉल?"

"हॉल वर्षातून दोन दिवस लागतो, आई."

हे ऐकून माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "गाडी तरी रोज कुठे लागते? मी काय गाडीतून सब्जी आणायला जाते? दिवसाला एकदा श्वास घेऊन चालत असतं तर नाक पण काढून ठेवलं असतं!" धम्मदीनाला ठसका लागला. प्रीती म्हणाली, "आई, तुमची तब्येत..." आणि मी ताट घेऊन उठले. माझ्या तब्येतीचं नाव कोणी काढलं की मी उठून जाते, सगळ्यांना माहीत आहे. साखर आहे, गोळी घेते, बस. पायाला मुंग्या येतात त्या कोणाला येत नाहीत?

एवढं घर घ्यायचं ते मोठ्या लोकांसारखं दिसायला का? रुंद रस्ता, पार्किंग! प्रीती गरीब घरातून आलेली मुलगी, आता तिला कॉलनी पाहिजे. मी हे तिला बोलले नाही. वहीत लिहिलं तर चालतं.

९ फेब्रुवारी, रविवार

शुभदाताईंना फोन करून मीच गेले. बेबी आणि धम्मदीना बरोबर. रत्नपाल मागून आला, त्याला बेबीने कळवलं असणार.

सुतळीवर कोणाचा विश्वास नाही ना, म्हणून घरून सतरंजी नेली. हॉलच्या मधोमध टाकली आणि आडवी झाले. बेबीला म्हटलं तू त्या कोपऱ्यात जा आणि हळू बोल. ती कोपऱ्यातून पुटपुटली, "वहिनी, तुझा रंग जास्तच काळा झालाय." स्पष्ट ऐकू आलं! असा हॉल आहे. एका कोपऱ्यातला टोमणा दुसऱ्या कोपऱ्यात जसाच्या तसा पोचतो.

मग उठायला गेले तर उठता येईना. पाय लावते तर पाय कुठे टेकला तेच कळेना, जणू खाली फरशीच नाही. मी हसायला लागले, बेबी पण हसायला लागली, तिने ओढलं तर आम्ही दोघी बसलो खाली. शेवटी रत्नपालने काखेत हात घालून उभं केलं. फरशी फार घोटीव आहे, घसरते. शुभदाताईंना म्हटलं, एवढी चकचकीत ठेवता तुम्ही! त्या पाणी आणायला गेल्या.

गल्लीतून रत्नपालने माझा हात सोडला नाही. एकशे चाळीस पावलं. दोनदा थांबलो, ते समोरून गाय आली म्हणून. एकदाच आली खरं तर.

१० फेब्रुवारी, सोमवार

रत्नपालने राजेंद्र नगरच्या घराचा बयाणा दिला. मला न विचारता. आज काही लिहायचं नाही.

२ मार्च, रविवार

तीन आठवडे मी रत्नपालशी बोलले नाही. मतलब, जेवायला ये, टॉवेल कुठे आहे, एवढं बोलले. ते बोलणं नव्हे.

पण घर घेतलंच आहे तर नीट तरी करून घ्यावं म्हणून आज गेले. पंढरीनाथ मिस्त्रीला म्हटलं, पुढच्या दोन खोल्यांमधली भिंत काढ. सात गाद्यांचा एक तरी हॉल होईल. त्याने भिंतीवर टकटक केलं, कान लावला, डॉक्टरसारखा. म्हणाला, "मांजी, ही निघत नाही. छत हिच्यावर बसलंय."

"अर्धी काढ."

"अर्धं छत येईल मग."

"तू मिस्त्री आहेस का वकील?"

"बाईसाहेबांनी सांगितलेलंच काम खूप आहे," म्हणाला आणि कागद दाखवला. तो कागद वाचून माझा संताप झाला. बाथरूममध्ये भिंतीला तीन ठिकाणी स्टीलचे दांडे. इंग्रजी संडास. तिथे घसरू नये म्हणून खरखरीत फरशी. बाहेरच्या दोन पायऱ्या तोडून उतार, त्यालाही दांडा. खोल्यांचे उंबरठे काढून टाकायचे. अरे, पैसा भिंत पाडायला नाही आणि पायऱ्या पाडायला आहे! रत्नपालला म्हटलं, तुझी मोटरसायकल घरात न्यायला उतार करतोस का? तो म्हणाला, "हो आई, त्यासाठीच." बघा! तोंडावर कबूल करतो.

माझी खोली पुढची. हॉस्पिटलच्या बाजूची खिडकी आहे तिला. काय तो देखावा! ह्यापेक्षा लाल-हिरव्या काचा काय वाईट होत्या?

२१ मार्च, शुक्रवार

रंगपंचमीला मिस्त्रीची माणसं गेरची मिरवणूक बघायला गेली ती आज उगवली, अजून कानात गुलाल. मी म्हटलं, भिया, घर एकतीस तारखेला खाली करायचंय, रंग धुवायला पण वेळ नाही. त्यांनी मलाच सेव-जिलेबी दिली. इंदौरच्या माणसावर रागावणं कठीण. तोंड उघडलं की तो त्यात काहीतरी घालतो.

मी रोज जाऊन बसते. कोणीतरी डोक्यावर पाहिजे. टाइल पिवळसर सांगितली, आली पांढरीच. ओटा माझ्या कोपरापर्यंत सांगितला, झाला प्रीतीच्या. परत फोडायला लावला. घरात चपला घालून चालणं मला जमत नाही, अनवाणीच फिरते. परवा संध्याकाळी घरी आले तर धम्मदीना म्हणाली, "आजी, हे फरशीवर लाल काय आहे?" मी बघितलं तर डाव्या पायाच्या करंगळीत टाइलचा कपचा. केव्हा गेला कोण जाणे. दुखलं असतं तर कळलं असतं ना! न दुखणारी जखम ती कसली जखम. हळद लावली. धम्मदीनाला सांगितलं, आईला बोलू नको, उगाच डॉक्टरकडे चक्कर, आणि इथे मिस्त्री मोकळे सुटतील.

३० मार्च, रविवार

आज राहायला आलो. बुद्धवंदना केली, बाबासाहेबांचा आणि ह्यांचा फोटो पुढच्या खोलीत लावला. त्या भिंतीवर. ती भिंत निदान खिळ्याच्या तरी कामाची.

संध्याकाळी यमुनाचा भुसावळहून फोन. माझी मोठी जाऊ. तीन वर्षांत ती जयंतीला आली नाही. मुलं-सुना येतात, ती नाही. मला वाटतं शेवटच्या वेळी मी तिला कूलरजवळची गादी दिली नव्हती, त्याचा राग. ती म्हणाली, "मंजुळा, घर लहान आहे ऐकलं. जागा नसेल तर पोरं महूला मंडपात झोपतील, सोय असते तिकडे."

सासऱ्यांच्या वेळेपासून एक माणूस मंडपात झोपलेला नाही. एकदा मंडपात गेले की पुढच्या वर्षी सरळ मंडपातच जातील, मग कोणी फोन पण करणार नाही. मी म्हटलं, "जागा भरपूर आहे. सगळ्यांनी इथेच यायचं. तू पण ये." म्हटलं खरं. दहा गाद्या! फोन ठेवला आणि रडले. मग प्रीतीने फोन घेतला आणि आत जाऊन यमुनाशी कितीतरी वेळ बोलत बसली. माझ्या जावेशी हिचं एवढं काय?

८ एप्रिल, मंगळवार

बावीस येणार. मी सुतळी घेऊन सगळं परत मोजलं. पलंग उभा केला तर अकरा. दोघा-दोघांना एक गादी दिली तर बावीस बसतात, पण अकोल्याच्या भाच्याचं अंग बघता त्याला एक पुरत नाही. मी झोपणारच नाही, स्वयंपाकघरात बसून राहीन. मग तेवढी तरी जागा सुटते.

मी आजकाल मोजे घालते. प्रीती म्हणाली, "आई, उकाड्यात मोजे?" मी म्हटलं, नवीन फरशी गार लागते. तिने बघायचं म्हटलं तर मी तिला बावीस जणांच्या डाळीचा हिशोब करायला बसवलं. करंगळी जरा काळी दिसते. हळदीने रंग बदलतोच. खोलीत वास पण येतो, नवीन सिमेंटचा असेल. जयंती होऊ दे, मग बघू. आत्ता डॉक्टरकडे नेलं आणि त्याने ठेवून घेतलं तर बावीस माणसांना दार कोण उघडणार?

१३ एप्रिल, रविवार

आले! सगळ्यात शेवटी, ऑटोतून, यमुना.

मी बघतच राहिले. अर्धी झालीय. हातात चार पायांची काठी, उजव्या पायात मोठा काळा बूट. ऑटो दाराला टेकला, ती उतरली, दांडा धरून उतारावरून हळूहळू आली, कोणाचा हात न घेता. दारात थांबून म्हणाली, "हे कोणी करायला सांगितलं?" मी म्हटलं, रत्नपालच्या मोटरसायकलसाठी आहे. ती प्रीतीकडे बघत राहिली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. आता उतार ही काय कौतुकाची गोष्ट आहे?

तिला कूलरजवळची गादी दिली. ती म्हणाली, "वेडे, मी काय गादीवरून रुसले होते?" मग काय झालं होतं विचारलं तर म्हणाली, उद्या सांगते.

१५ एप्रिल, मंगळवार

काल लिहायला वेळच नाही मिळाला. गाद्यांची एवढी चिंता केली आणि झोपलं कोण? पहाटे अर्धे महूला गेले, बस हाकेवरच, दहाला पोहे खायला परत! मग दुसरे गेले. दुपारी तिसरे. परदेशीपुऱ्याहून एकदा गेलेला माणूस रात्रीच तोंड दाखवायचा. इथे दिवसभर येणं-जाणं, बगीच्यात झाडाखाली सतरंज्या, रस्त्यावरून निळे झेंडे, जय भीम, जय भीम. वाशिमच्या अनोळखी नऊ बायका पाणी प्यायला आल्या आणि बाथरूमला रांग लावून बसल्या. त्यातल्या एकीने मला तिच्या मुलीचं स्थळ सांगितलं! एवढी माणसं मी सासऱ्यांच्या वेळी पण बघितली नाहीत. लोकेशन म्हणत होता तो चिंतामण. असो. हॉल असता तर अजून मजा आली असती, हे मी प्रीतीला दोनदा सांगितलं.

काल संध्याकाळी मी आणि यमुना दोघीच माझ्या खोलीत होतो. ती बोलता बोलता माझ्या पायांकडे वाकली. मग म्हणाली, "मंजुळा, मोजा काढ."

"कशाला? गार लागतं."

"काढ. हा वास माझ्या ओळखीचा आहे."

आणि तिने स्वतःचा काळा बूट काढला. आत अर्धं पाऊलच नाही. तीन वर्षांपूर्वी अशीच एक जखम झाली, न दुखणारी. घरच्यांना सांगितली नाही, लग्नसराई होती. पाऊल गेल्यावर, इकडे कोणाला कळवायचं नाही असं पोरांना बजावलं. म्हणाली, "मी पण पाहुणे गेल्यावर बघू म्हटलं होतं."

मी मोजा काढला. यमुनाने बघितलं आणि ओरडली, "प्रीती!" दोन खोल्यांपलीकडे स्वयंपाकघरात होती ती. भिंतींमधून पण ऐकू गेलं.

१७ एप्रिल, गुरुवार

चौकातल्या हॉस्पिटलमध्ये आहे. इथून आमची खिडकी दिसते. वही परवाच धम्मदीनाने इथे आणून दिली आणि रडली, मी का नाही सांगितलं म्हणून. मी तिला म्हटलं, चूक माझी, तुला गप्प बसवलं ते मी.

करंगळी काढली. बाकीचं पाऊल राहील म्हणतात. डॉक्टर रत्नपालला म्हणाला, आठवडा गेला असता तर गुडघ्याचं बोललो असतो. मी झोपल्याचं सोंग घेऊन ऐकलं.

घरून इथे यायला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. चप्पल शोधेपर्यंत पोचलो होतो. एकशे चाळीस पावलं रत्नपालने मला उचलून नेलं असतं, नेलं असतंच, पण त्याची कंबर पण आता चाळिशीची आहे. मी तीन आठवडे त्याच्याशी बोलले नव्हते. आज त्याला म्हटलं, "सांवेर रोडला जायला किती वेळ लागतो रे?" तो म्हणाला, "लागतो थोडा." एवढंच.

प्रीती रात्रभर खुर्चीत होती. मी वाट बघत होते की आता ती म्हणेल, बघा, मी सांगत होते. ती म्हणालीच नाही. म्हणाली असती तर मला भांडता तरी आलं असतं. सकाळी चहा दिला, बिनसाखरेचा. मी प्यायले. तिला म्हटलं, "काचा खरंच छान होत्या ना?" ती म्हणाली, "हो आई. मला पण ते घर फार आवडलं होतं." आणि तोंड फिरवून खिडकी पुसायला लागली. हॉस्पिटलची खिडकी, तिला कोण पुसतं?

आमच्या माणसांची परवाची गाडी होती, कोणी गेलंच नाही. धम्मदीना सांगते, बावीस जण दोन दिवस त्या काड्यापेट्यांत राहिले, आणि भिंती आड येतात म्हणून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडून बोलत होते. शेजारच्यांना आता आमच्या भावकीतलं सगळं माहीत झालंय. आज दुपारी निघाले, जायच्या आधी दोघं-दोघं करून मला भेटून गेले.

यमुना शेवटी आली. मी तिला म्हटलं, पुढच्या वेळेपर्यंत मी पंढरीनाथकडून ती भिंत पाडूनच घेणार, बिलकुल. ती म्हणाली, "पाड नाहीतर ठेव. गाद्या मोजायला तू पाहिजेस." आणि पुढच्या एप्रिलची वाट बघायची नाही असं तिनेच ठरवलं. बुद्धपौर्णिमेला येणार आहेत. सोमवार, बारा मे, सकाळच्या गाडीने, अठरा जण.